मेथी-बटाटा: आधी कोण, मग कोण

ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं म्हणणाऱ्यांसाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. रेकॉर्डिंगच्या मध्येच कुकरची शिट्टी झाली होती, ती तेवढी इथे गाळली आहे.

आजचा विषय मेथी-बटाट्याची भाजी. एवढ्यासाठी अख्खा भाग? वर्षभरापूर्वी मीही हेच विचारलं असतं.

मागच्या हिवाळ्यात आई घसरून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मी लॅपटॉप उचलून पुण्याहून नाशिकला आलो आणि घरूनच काम सुरू केलं. बाबांना चहापलीकडे काही येत नाही. मला खिचडी आणि अंडी, बस. गोळ्या पोटभर जेवून घ्यायच्या होत्या आणि आईचं जेवण तर दिवसेंदिवस कमीच होत चाललेलं. एक दिवस ती आपणहून म्हणाली, "मेथी आली असेल ना रे बाजारात? बटाटा घालून कर." मी उत्साहाने केली. भाजी काळपट, कडू आणि खारट झाली, वर बटाट्याच्या फोडी आतून कचकचीत. आईने डाव्या हाताने दोन घास खाल्ले. "तोंडाला चवच नाही रे," म्हणाली आणि ताट सरकवलं. चव तोंडाला होती, भाजीला नव्हती, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं.

आता चुकलं काय? मी बटाटा आणि मेथी एकदमच कढईत टाकली, वर झाकण ठेवलं आणि मीटिंगला बसलो.

बटाट्याला आणि मेथीला नेमकी उलट वागणूक लागते. बटाट्याची फोड आतपर्यंत मऊ व्हायला वेळ लागतो, झाकण लागतं, वाफ कोंडावी लागते. मेथीचं पान मुळात बहुतेक पाणीच. गरम कढईत ते दोन-तीन मिनिटांत बसतं आणि पाणी सोडतं. ते पाणी झाकणाखाली अडकलं की मेथी परतली जात नाही, उकडली जाते. शिजताना पानांतून आम्लंही सुटतात. झाकण उघडं असेल तर त्यातली काही वाफेबरोबर निघून जातात, बंद असेल तर आतच फिरत राहतात. पानांच्या हिरव्या रंगद्रव्यात मॅग्नेशियम असतं. आम्लामुळे आणि उष्णतेमुळे ते निघून जातं आणि हिरव्याचा शेवाळी रंग होतो. म्हणजे मी बटाट्यासाठी ठेवलेलं झाकण मेथीला भोवलं, आणि बटाटाही कच्चाच राहिला, कारण मेथी बसलेली बघून मी गॅस बंद केला!

म्हणून आधी बटाटा, पूर्ण शिजेपर्यंत. मग मेथी, उघडी, थोडा वेळ.

आता नीट सांगतो. एक मध्यम जुडी, दोन-तीन मध्यम बटाटे. जुडी घेताना फुलावर आलेली घेऊ नका, ती जास्त कडू लागते. पानं खुडून घ्यायची, कोवळे देठ चालतात, जाड टाकायचे. दोन-तीन पाण्यातून धुवायची, कारण माती फार असते. आणि मग निथळू द्यायची. इथे घाई केली तर तेच पाणी कढईत जातं. मुंबईत वाळूत उगवलेली ती बारीक समुद्रमेथी मिळाली तर मुळं कापून टाका आणि ती अगदी शेवटी घाला, एवढी कोवळी असते.

बटाट्याच्या फोडी लहान आणि एकसारख्या करा, साधारण बोराएवढ्या. दोन मोठे चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला सहा-सात पाकळ्या लसूण, दोन हिरव्या मिरच्या, हळद. लसूण जेमतेम गुलाबी झाला की लगेच फोडी टाका. करपला तर मेथीच्या कडूपणात त्याचाही कडूपणा मिसळतो. फोडींपुरतं मीठ आत्ताच घाला. वर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी ओता. आई हे वर्षानुवर्षं करायची, मी कधी 'का' विचारलं नव्हतं. पाण्यामुळे ताटली फार तापत नाही, खालची वाफ तिला लागून पुन्हा थेंब होऊन भाजीत पडते. वरून पाणी न घालता फोडी शिजतात आणि तळाला लागत नाहीत. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं. सुरी आरपार गेली पाहिजे. टोमॅटो आवडत असेल तर तो या आधी अजिबात नको, आंबटात बटाटा लवकर शिजत नाही.

मग ताटली काढा, आच वाढवा, चिरलेली मेथी घाला आणि परता. चार-पाच मिनिटं पुरतात. मेथीचं मीठ ती बसल्यावरच घालायचं. कच्ची मेथी कढईभर दिसते आणि शिजल्यावर मूठभर होते, मी त्या ढिगाकडे बघून मीठ घातलं होतं. कडूपणा अगदीच नको असेल तर चिरलेल्या पानांना मीठ चोळून दहा मिनिटांनी पिळून घेतात. मला ते पटत नाही, कडूबरोबर चवही जाते. त्यापेक्षा दाण्याचं कूट किंवा ओलं खोबरं घाला, कडूपणाची धार मोडते. कढई लोखंडी असेल तर भाजी झाल्या झाल्या दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते.

दुसऱ्या वेळी आईने स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून घेतली. "झाकण काढ आता... अरे, हलव की!" एवढंच बोलत होती. भाकरी मात्र बाबांनी विकत आणलेली, त्यावर आम्ही बोलत नाही. आईने एक भाकरी खाल्ली, मग ताटातली भाजी पुसून घेतली आणि म्हणाली, "अजून अर्धी दे." मी उठलो तर बाबा आधीच भाकरी घेऊन आले होते.

प्लास्टर निघून बरेच महिने झाले. आता ती भाजी तीच करते, मीठ न मोजता, ढीग न बघता. मी पुण्यात करतो तेव्हा फोन स्पीकरवर ठेवतो. परतल्याचा आवाज ऐकून ती सांगते, "अजून पाणी आहे, थांब."

उरली तर दुसऱ्या दिवशी कुस्करून कणकेत मळा आणि पराठे करा. पाणी लागलंच तर थोडं थोडं घाला, भाजीचा ओलावा असतोच. पुढच्या भागात भेटू.