राणीची उधारी

जाड इंग्रजी पुस्तक दिसलं की आमच्या विंगमध्ये पहिला प्रश्न ठरलेला, "कुठल्या सब्जेक्टचं रे?" जॉर्ज आर. आर. मार्टिनचं 'अ फीस्ट फॉर क्रोज' (२००५) घेऊन मी मेसमध्ये गेलो तेव्हाही तेच. सब्जेक्टचं नाही म्हटल्यावर, "मग सिरियल बघ की!" सिरियल (२०११ ते २०१९) बहुतेकांनी बघितली आहे, त्यामुळे सर्सी राणी सगळ्यांच्या ओळखीची. पण पुस्तकात तिचं राजकारण फसतं कसं, ही गंमत वेगळीच आहे. ती सांगावी म्हणून हा खटाटोप. (ज्यांना पुस्तक कोरंच वाचायचंय त्यांनी पान उलटावं, पुढे गोष्ट फुटणार आहे.)

तर परिस्थिती अशी. सर्सीचा थोरला मुलगा, राजा जॉफ्री, स्वतःच्या लग्नात विषप्रयोगाने गेला. बाप टायविन, ज्याच्या जोरावर सगळं राज्य चालायचं, त्याचाही खून झाला. गादीवर धाकटा टॉमेन, अजून मांजराच्या पिलांशी खेळणारा. कारभार आईच्या हातात आणि तिजोरी रिकामी. हे कर्ज तिने केलेलं नाही बरं का, ते तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या, रॉबर्ट राजाच्या उधळपट्टीचं. देणेकरी दोन मोठे: ब्राव्होस शहराची आयर्न बँक आणि धर्मपीठ.

काका केव्हन अनुभवी माणूस. तो तोंडावर खरं बोलला, तर बाईंनी वाइनचा पेला त्याच्या तोंडावर फेकला. मग मंत्रिमंडळात भरले होयबा. खजिना कोणाकडे, तर ज्याला खोकल्यातून दोन वाक्यं सलग बोलता येत नाहीत अशा गाइल्स रोझबीकडे. (ही प्रकरणं वाचताना मी एकटाच हसत होतो, रूममेटला वाटलं परीक्षेचं टेन्शन.)

आता व्यवहार बघा. आयर्न बँकेचे हप्ते तिने थांबवले आणि त्या पैशात नवी लढाऊ जहाजं बांधायला घेतली. धर्मपीठाचे नऊ लाखांहून जास्त सुवर्णमुद्रांचं देणं. नवा महाधर्मगुरू अनवाणी फिरणारा, राणी भेटायला गेली तेव्हा इतरांबरोबर फरशी घासत होता. हा गरीब म्हातारा काय करणार, असं तिला वाटलं. त्याने कर्ज माफ केलं, बदल्यात मागितलं एकच: धर्मपीठाला पुन्हा शस्त्रं बाळगायची परवानगी. पूर्वीच्या राजांनी ती मोठ्या मुश्किलीने काढून घेतली होती. राणीने एका बैठकीत परत दिली आणि आपण केवढा स्वस्त सौदा केला म्हणून खूष होऊन निघाली!

इथे मी पुस्तक मिटून ठेवलं. कारण सेकंड इयरला मी मेस सेक्रेटरी होतो आणि किराणावाल्याचं बिल दोन महिने मागे ढकलून त्या पैशात फीस्ट केली होती. पनीर, गुलाबजाम, सगळं. पोरांनी खांद्यावर घेतलं. तिसऱ्या महिन्यात किराणावाल्याने माल बंद केला आणि आठवडाभर डाळीत डाळ शोधावी लागली. आमच्या कमिटीत एकजण "आधी बिल दे" म्हणत होता. त्याला मी मीटिंगला बोलवायचंच बंद केलं होतं. त्याची अजून माफी मागितलेली नाही.

तर सर्सी. तिला भीती सुनेची, मार्जरीची. लहानपणी एका म्हातारीने भविष्य सांगितलेलं की तुझ्याहून तरुण आणि सुंदर राणी येऊन तुझं सगळं हिरावून घेईल. म्हणून तिने ऑस्नी नावाच्या शिपायाला पढवलं: मार्जरीशी माझे संबंध होते असं धर्मगुरूपुढे कबूल कर. तो कबूलही झाला. पण इतक्या सहज कबूल होतोय म्हणून धर्मगुरूला संशय आला आणि त्याने चाबूक काढला. ऑस्नीने खरं सांगितलं. संबंध होते ते सर्सीशीच, आणि आधीच्या महाधर्मगुरूला मारलं तेही तिच्याच सांगण्यावरून. राणी मार्जरीला कोठडीत बघायला म्हणून ऐटीत गेली आणि तिथेच पकडली गेली. पकडणारे तेच, ज्यांना हत्यारं तिने दिली. बातमी पसरताच ऑरेन वॉटर्स नवी जहाजं घेऊन पसार. म्हणजे हप्तेही थकले आणि जहाजंही गेली!

मजा अशी की आधीच्या तीन खंडांत ती आपल्याला फक्त बाहेरून दिसते. इथे पहिल्यांदा तिच्या डोक्यातून सांगितलेली प्रकरणं येतात, आणि आतून बघताना तिची प्रत्येक चाल बिनतोड वाटते. लहानपणी ती आणि जुळा भाऊ जेमी कपडे बदलायचे तर कोणाला फरक कळायचा नाही. पुढे त्याला तलवार मिळाली आणि हिचं लग्न लावून दिलं. ही चीड तिच्या मनात कायम आहे, आणि ती खोटी नाही. पुरुष असते तर लोकांनी ऐकलं असतं, हे तिचं म्हणणं मला पटतं. पण टायविनला हिशोब कळायचा, हिला फक्त त्याचा दरारा दिसला.

कोठडीतून ती जेमीला पत्र लिहिते: ये, मला वाचव, माझं तुझ्यावर प्रेम आहे. बाहेर बर्फ पडायला लागलेला असतो. जेमी पत्र वाचतो आणि पोऱ्याच्या हातात देऊन सांगतो, हे आगीत टाक.