प्रश्नपत्रिका कोणी काढायची?

उत्तर प्रदेशच्या तराई भागात १७ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते देशातील पहिल्या कृषी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. आज उत्तराखंडात असलेले हे पंतनगरचे विद्यापीठ. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे साहाय्य, सुमारे सोळा हजार एकरांचे प्रक्षेत्र आणि नवा कायदा, एवढे सारे हाती होते. नव्हती ती या नव्या रचनेची सवय असलेली माणसे.

तोवरची व्यवस्था निराळी होती. कृषी महाविद्यालय राज्याच्या कृषी खात्याचे, पदवी देणारे विद्यापीठ दुसरे, आणि संशोधन केंद्रांचा कारभार पुन्हा खात्याकडे. आज वर्गात शिकवणारा अध्यापक उद्या बदलीच्या आदेशाने एखाद्या जिल्ह्यात अधिकारी म्हणून रुजू होई. प्रश्नपत्रिका बाहेरून येत आणि उत्तरपत्रिका तपासायला बाहेर जात. साहजिकच शिकवणाऱ्याचे उत्तरदायित्व अभ्यासक्रम ‘पुरा’ करण्यापाशी संपे. अध्यापन, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एका छताखाली आणण्याची कल्पना कागदावर सोपी होती. अमेरिकेतील लँड-ग्रँट महाविद्यालयांमागे १८६२ पासूनचा अनुभव होता. येथे मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या कार्यालयीन सवयी मोडायच्या होत्या.

पंतनगरने हात घातला तो परीक्षेला. जो शिकवतो त्यानेच प्रश्नपत्रिका काढावी, त्यानेच तपासावी आणि त्यानेच श्रेणी द्यावी, असे ठरले. वरकरणी ही प्रशासकीय बाब वाटते; वस्तुतः तो अध्यापकावर टाकलेला विश्वास होता, आणि तितकेच मोठे ओझेही. मागील वर्षीच्या टिपणवह्यांवर भागणारे काम आता भागेना. विद्यार्थ्याला आपण काय विचारतो, यावरून अध्यापकाचीच पारख होऊ लागली. साठच्या दशकात तेथे कुलगुरू असलेले ध्यानपाल सिंह हे शास्त्रज्ञ नव्हते, प्रशासकीय सेवेतून आलेले होते. संस्थेचे वळण भाषणांनी नव्हे, तर अशा रोजच्या नियमांनी बदलते, हे कदाचित त्यामुळेच त्यांना अधिक नेमके उमगले असावे.

पुढे लुधियाना, राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी विद्यापीठे उभी राहिली. महाराष्ट्रातील चारही १९६८ ते १९७२ या अल्प काळातील. रचना सर्वत्र पोहोचली. विश्वास मात्र तितक्या सहजतेने पोहोचला नाही. गुणांची खैरात होते, विद्यापीठा-विद्यापीठांत एकसारखेपणा राहत नाही, या तक्रारी खोट्या नव्हत्या. त्यावरचा उपाय म्हणून बाह्य परीक्षक परत आला. पाचव्या अधिष्ठाता समितीच्या रचनेत लेखी व प्रात्यक्षिक अशा दोन्ही अंगांच्या विषयांत निम्मे गुण बाह्य लेखी परीक्षेला आहेत. गुणांचा फुगवटा यामुळे आवरला असेल. पण काही अध्यापकांच्या ढिलाईची किंमत सर्वांनी मोजली, हेही नाकारता येत नाही.

कृषी कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कीटकसंग्रहाची पेटी सादर करावी लागते. वरच्या वर्गाची पेटी नवी चिठ्ठी चिकटवून खालच्या वर्गाकडे येते, हे विभागात सर्वांना ठाऊक असते. (काही पतंगांनी अशा तीन-चार पदव्या मिळवल्या असतील!) दोष केवळ विद्यार्थ्याचा नाही. पेटी मागणाऱ्यानेच ती कोठून आली हे विचारणे सोडून दिलेले असते. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आढळले की कपाशीवरील गुलाबी बोंडअळीची आर्थिक नुकसान पातळी गाठली, हे वाक्य बहुतेकांना पाठ असते. बाहेरून येणारी लेखी प्रश्नपत्रिका तेवढेच विचारू शकते. सापळा उघडून पतंग मोजायला लावणे तिच्या आवाक्यात नाही.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टुडंट रेडी’ उपक्रमाचा मूळ हेतू हाच होता. महाराष्ट्रातील गावांना कृषिदूत आणि कृषिकन्या चांगले परिचित आहेत. जेथे मार्गदर्शक अध्यापक स्वतः बांधावर जातो, तेथे हे सत्र विद्यार्थ्याच्या आयुष्याला वळण देते. जेथे जात नाही, तेथे छायाचित्रे आणि अहवाल यांवर ते उरकते.

सहाव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींनुसार आता नवा अभ्यासक्रम येत आहे. तो राबवताना विभागप्रमुखाला परिपत्रकाची वाट न पाहता करता येईल अशी एक गोष्ट आहे. पेटीऐवजी प्रक्षेत्रावरील सापळ्यांच्या नोंदींना प्रात्यक्षिकाचे गुण द्यावेत. मग पुढचे प्रश्न आपोआप येतील. सलग तीन सकाळी पतंग मोजायचे, आणि तिसरी सकाळ रविवारची निघाली, तर प्रक्षेत्राचे फाटक कोण उघडणार? अध्यापक येणार का? आणि आला, तर त्याच्या त्या दिवसाची नोंद वार्षिक मूल्यमापनाच्या कोणत्या रकान्यात होणार?