छातीवरची अक्षरे आणि गल्ल्याचा हिशेब

अंगावरचा कपडा ही किरकोळ बाब नाही, हे आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची गरज नाही. कोणी काय नेसावे, लुगडे किती वर खोचावे, दागिना कोणत्या धातूचा घालावा, हे आपल्यासाठी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांनीच ठरवले होते. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब स्त्रियांशी बोलले, तेव्हा त्यांनी कपड्याचा विषय मुद्दाम काढला. अस्पृश्यतेची खूण पटवणारी लुगड्याची ती पद्धत आणि गळ्याहातातले ते जड दागिने टाकून द्या, असे त्यांनी बजावले. आपल्या आज्यापणज्यांनी ते मनावर घेतले. लुगडे घोट्यापर्यंत आले आणि त्याबरोबर मानही ताठ झाली.

हे आज आठवण्याचे कारण आपल्याच घरातील तरुण मुलेमुली. ढगळ टी-शर्ट, टोपी शिवलेला जाड स्वेटशर्ट म्हणजे ‘हूडी’, खाली जाड तळव्याचे बूट. ‘हा काय अवतार केलास?’ असे वडीलधारी मंडळी विचारतात. मुलगा खांदे उडवतो आणि निघून जातो. या पेहरावाला जगभर ‘स्ट्रीटवेअर’ म्हणतात, म्हणजे रस्त्यावरचा पेहराव. हा पेहराव एकट्या कोणाचा नाही. कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठी लाटांवर खेळणाऱ्या पोरांचाही त्यात वाटा आहे. पण त्याला जगभर नेले ते प्रामुख्याने अमेरिकेतील कृष्णवर्णीय तरुणांनी. त्यांनी हे कसे केले, त्यात काय कमावले आणि काय गमावले, हे पालकांनी आणि मुलांनी दोघांनीही समजून घ्यावे, म्हणून हा लेखप्रपंच.

मजुराचा कपडा, संशयिताचा कपडा

हूडी हा मुळात कष्टकऱ्यांचा कपडा. १९३० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील शीतगृहांत राबणाऱ्या मजुरांना डोके-कान झाकता यावेत म्हणून चॅम्पियन नावाच्या कंपनीने असे स्वेटशर्ट काढले. पुढे ते खेळाडूंनी घातले, कॉलेजच्या मुलांनी घातले. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात हिप-हॉप संगीत जन्माला आले, आणि तिथल्या गरीब वस्त्यांतील काळ्या व लॅटिनो पोरांनी हा स्वस्त, उबदार कपडा आपलासा केला.

गंमत पाहा. तोच कपडा गोऱ्या विद्यार्थ्याच्या अंगावर असला तर तो खेळाडू, आणि काळ्या मुलाच्या अंगावर असला तर तो गुंड! २६ फेब्रुवारी २०१२ रोजी फ्लोरिडा राज्यातील सॅनफर्ड गावात ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा निःशस्त्र मुलगा दुकानातून गोळ्यांची पुडी आणि सरबताचा डबा घेऊन परत येत होता. अंगात हूडी होती. वस्तीवर पहारा ठेवणाऱ्या एका नागरिकाला तो संशयास्पद वाटला, आणि त्याने त्याला गोळी घालून ठार केले. पुढच्या वर्षी न्यायालयाने त्या माणसाला निर्दोष सोडले. त्या काळात अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर असेही बोलले गेले की, मुलाच्या मृत्यूला हूडीही जबाबदार आहे. म्हणजे दोष कपड्याला, आणि तोही मेलेल्याच्याच!

२१ मार्च २०१२ रोजी न्यूयॉर्कमध्ये हजारो लोक हूडी घालून रस्त्यावर उतरले. आठवड्याभराने, २८ मार्चला, शिकागोचे खासदार बॉबी रश अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात बोलायला उभे राहिले. बोलता बोलता त्यांनी कोट काढला. आत हूडी होती. तिची टोपी त्यांनी डोक्यावर ओढली आणि सांगितले की, हूडी घातली म्हणून कोणी गुंड होत नाही. सभागृहात डोके झाकण्यास मनाई असल्याने अध्यक्षांनी त्यांना बाहेर जायला लावले. हे बॉबी रश कोण? १९६८ मध्ये इलिनॉय राज्यात ब्लॅक पँथर पक्षाची शाखा उभी करणाऱ्यांपैकी एक. ज्या पँथरच्या नावावरून १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी दलित पँथर काढली, तोच हा पक्ष. नाते आजचे नाही.

मानाची लढाई ही अशी. पण मान मिळाला म्हणजे सगळे मिळाले काय? कपड्यातून जो पैसा उभा राहतो तो कोणाच्या घरी जातो, हा दुसरा प्रश्न. आम्ही दिवसभर आकड्यांत राहणारी माणसे, त्यामुळे आम्हाला हा दुसरा प्रश्न अधिक टोचतो. त्याचे उत्तर अमेरिकेतल्याच तीन धंद्यांच्या कथांत सापडते.

हार्लेमचा शिंपी

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते न्यूयॉर्कच्या ११६ व्या रस्त्यावर. हार्लेम ही काळ्यांची प्रसिद्ध वस्ती त्याला लागूनच. तिथल्या १२५ व्या रस्त्यावर १९८२ साली डॅनियल डे या हार्लेमच्याच माणसाने दुकान टाकले. लोक त्याला ‘डॅपर डॅन’ म्हणत. दुकान रात्रंदिवस उघडे असे. घाऊक व्यापारी काळ्या दुकानदाराला माल द्यायला राजी नसत, म्हणून त्याने कातड्यावर छपाई करण्याची विद्या स्वतःच शिकून घेतली. युरोपातील नामांकित कंपन्यांची बोधचिन्हे मोठ्या आकारात छापून त्याने अशी जाकिटे शिवली की, त्या कंपन्यांनीही तोवर तशी काढली नव्हती. मुष्टियोद्धा माइक टायसन, गायक एल. एल. कूल जे त्याचे गिऱ्हाईक होते.

पण चिन्ह दुसऱ्याचे होते. कंपन्या कोर्टात गेल्या, दुकानावर छापे पडले, माल जप्त झाला आणि १९९२ साली दुकान बंद झाले. कायदा कंपन्यांच्या बाजूने होता, हे नाकारता येत नाही. पुढे २०१७ साली इटलीच्या गुची कंपनीने एक जाकीट बाजारात आणले. डॅपर डॅनने १९८९ साली ऑलिंपिक धावपटू डायान डिक्सन हिच्यासाठी शिवलेल्या जाकिटाची ती सहीसही आठवण होती. या वेळी लोकांनी कंपनीला धारेवर धरले. अखेर गुचीने त्याच्याशी भागीदारी केली आणि २०१८ साली हार्लेममध्ये त्याचे शिवणघर पुन्हा सुरू झाले. पण मधली पंचवीस वर्षे कोण परत देणार? हुन्नर आपले आणि चिन्ह दुसऱ्याचे असले की असे होते.

शिकवण छापणारे दोघे

दुसरी कथा लॉस एंजेलिसची. १९८९ साली कार्ल जोन्स आणि टी. जे. वॉकर या दोघांनी ‘क्रॉस कलर्स’ ही कंपनी काढली. ‘पूर्वग्रहाविना कपडे’ हे त्यांचे ब्रीद. ढगळ कापडावर भडक आफ्रिकी रंग, आणि छातीवर ‘हिंसा थांबवा’, ‘उन्नतीसाठी शिक्षण द्या’ अशा अर्थाची इंग्रजी वाक्ये. ‘शिका’ हा शब्द ज्या समाजाच्या पहिल्या धड्यातच आहे, त्या आपल्याला ही अक्षरे परकी वाटू नयेत. चिन्ह त्यांचे, विचार त्यांचा, हात त्यांचे. दूरचित्रवाणीवर विल स्मिथने हे कपडे घातले आणि मागणी भराभर वाढली.

मग घात कुठे झाला? उधारीत! त्यांचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक म्हणजे ‘मेरी-गो-राउंड’ ही दुकानांची साखळी. जानेवारी १९९४ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिच्या भरवशावर उभा असलेला क्रॉस कलर्सचा डोलारा कोसळला. पुढे अनेक वर्षांनी ते नाव पुन्हा बाजारात आले, पण पहिली भरती ओसरली ती ओसरलीच. सगळा माल एकाच दुकानाला, तोही उधारीवर, अशी वही ज्याची असते त्याने रात्री निर्धास्त झोपू नये.

आईचे शिवणकाम

तिसरी कथा न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागातली. डेमंड जॉन हा हॉलिस या वस्तीतला तरुण. हॉटेलात वाढप्याचे काम करी. आईने त्याला शिवण शिकवले होते. १९९२ साली त्याने घरीच लोकरी टोप्या शिवल्या आणि एका दिवसात रस्त्यावर उभे राहून ऐंशी टोप्या दहा-दहा डॉलरला विकल्या. तीन मित्र भागीदार झाले. नाव ठेवले ‘फुबू’. ‘आमच्यासाठी, आम्हीच केलेले’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे म्हणजे फुबू.

१९९४ साली लास व्हेगासच्या कपड्यांच्या प्रदर्शनात त्यांना मोठ्या ऑर्डरी मिळाल्या. माल कसा करायचा? बँकांनी पाठ फिरवली. तेव्हा आईने घर गहाण ठेवून एक लाख डॉलर उभे केले. घरातच शिवणयंत्रे मांडली. तेही पैसे संपत आले तेव्हा तिनेच वर्तमानपत्रात जाहिरात द्यायला लावले, आणि त्यातून सॅमसंगच्या कापड विभागाशी करार झाला. १९९७ साली एल. एल. कूल जे ‘गॅप’ या बड्या कंपनीच्या जाहिरातीत झळकला, तो डोक्यावर फुबूची टोपी घालून! गाण्यात त्याने फुबूचे ब्रीदही हळूच गुंफले. पैसा गॅपचा, प्रसिद्धी वस्तीतल्या पोरांची. पुढच्या वर्षी फुबूची विक्री सुमारे ३५ कोटी डॉलर झाल्याचे सांगतात. पुढे फॅशनचे वारे फिरले, अमेरिकेतला खप घसरला, हेही खरे. पण नाव मालकांच्या हातात होते, म्हणून माणसे रस्त्यावर आली नाहीत.

या बाजाराचा आकार केवढा आहे? न्यूयॉर्कमध्ये १९९४ साली एका दुकानापासून सुरू झालेली ‘सुप्रीम’ ही कंपनी २०२० साली दोन अब्ज डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. टी-शर्ट, हूडी आणि तांबड्या चौकोनातली पांढरी अक्षरे, एवढ्यासाठी! आता कोण म्हणेल की हा पोरखेळ आहे?

आपल्या वहीत काय लिहावे?

आपल्याकडे १४ एप्रिलला, धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपुरात, ६ डिसेंबरला दादरला पुस्तकांच्या शेजारी निळ्या टी-शर्टांचे ढीग लागतात. आपण ते मोठ्या अभिमानाने घेतो. घ्यावेतच. पण तो टी-शर्ट विणला कुठे, चित्र काढले कोणी, छापले कोणी आणि नफा कोणाला, असे विकत घेताना आपण कधी विचारतो काय? चित्रकलेचे शिक्षण घेतलेली आपली मुले आहेत. वस्तीवस्तीत शिलाई जाणणाऱ्या भगिनी आहेत. मग ‘आमच्यासाठी’ बरोबर ‘आम्हीच केलेले’ का असू नये?

ज्या तरुणांना यात उतरायचे आहे त्यांनी आधी गणित मांडावे. छपाईची साधी रीत म्हणजे स्क्रीन प्रिंटिंग. चौकटीवर ताणलेल्या जाळीतून रंग दाबून कापडावर उतरवायचा. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागते. समजा, एका चौकटीचा खर्च ४०० रुपये धरला आणि चित्रात चार रंग असले, तर १,६०० रुपये झाले. वीसच नग छापले तर नगामागे ८० रुपये चौकटीतच गेले. दोनशे छापले तर फक्त ८ रुपये. म्हणून दोनशे छापावेत काय? विकले गेले नाहीत तर घराच्या माळ्यावर तेच गाठोडे! तेव्हा सुरुवात एका रंगाच्या चित्राने करावी. नग थोडे असून रंग अनेक हवे असतील, तर संगणकावरून थेट कापडावर छापण्याची यंत्रे आता मिळतात. तिथे चौकटीचा खर्च नाही, मात्र दर नगाचा दर अधिक असतो. तमिळनाडूतील तिरुपूर हे होजिअरीचे मोठे केंद्र. कोरे टी-शर्ट तिथून घाऊक येतात. कापड घेताना वजन विचारावे. साधा टी-शर्ट १८० ग्रॅम प्रति चौरस मीटरच्या आसपासचा, हूडी त्याहून बरीच जड. दोन धुण्यांत आटणारा माल विकला तर गिऱ्हाईक तिसऱ्यांदा येत नाही, मग छातीवर कितीही थोर वाक्य असो.

तीन कथांचे तीन धडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. डॅपर डॅनचा धडा असा की, दुसऱ्याचे चिन्ह वापरू नये आणि स्वतःचे नोंदवल्याशिवाय राहू नये. आपल्या देशात व्यापारचिन्हांच्या नोंदणीत कपड्यांचा वर्ग २५ वा आहे, आणि नोंदणी दहा वर्षे टिकते, पुढे नूतनीकरण करता येते. क्रॉस कलर्सचा धडा असा की, एकाच गिऱ्हाइकावर आणि उधारीवर विसंबू नये. फुबूचा धडा असा की, लहान सुरुवात करावी, रोखीने करावी. पण आईचे घर गहाण टाकण्याची वेळ शक्यतो येऊ देऊ नये. तिथे निभावले, म्हणून सगळीकडे निभावेल असे नाही. आपल्याकडे आईचे घर म्हणजे बहुधा तिची उभ्या आयुष्याची कमाई.

पालकांनाही एक विनंती. मुलाच्या अंगातली हूडी पाहून त्याला टवाळ ठरवू नका. बाहेरचे जग ते काम करायला बसलेलेच आहे. त्याऐवजी जवळ बसवून विचारा, ‘हे चित्र कोणी काढले रे? तुला काढता येईल का?’ मुलगा ‘येईल’ म्हणाला, तर त्याच्या हाती पेन्सिल द्या. आणि त्याच्या बहिणीच्या हाती जमाखर्चाची वही द्या.