भाषाप्रभुत्व आणि कर्णबधिरांची सांकेतिक भाषा



मागील घटकात भाषेच्या काही व्याख्या आपण अभ्यासल्या. भाषा ही यादृच्छिक ध्वनिसंकेतांची व्यवस्था होय, हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी पाठही केले असेल. या व्याख्येतील 'ध्वनी' हा शब्द किती अटळ आहे, हे तपासायचे असेल तर ज्यांच्यापर्यंत ध्वनी पोहोचतच नाही त्यांच्या भाषाव्यवहाराकडे पाहावे लागते. २०११च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या ५० लाखांहून अधिक व्यक्तींची नोंद झाली. उतारवयात ऐकू येईनासे झालेल्यांची भाषा आधीच घडलेली असते. येथे विचार करायचा आहे तो जन्मतः, किंवा बोलू लागण्यापूर्वीच, बधिरत्व आलेल्यांचा.

छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर एकदा पाहिलेले दृश्य सांगतो. वातानुकूलित बसच्या बंद काचेआड एक तरुण बसला होता, दुसरा खाली फलाटावर उभा होता. दोघे हातांनी बोलत होते आणि मधूनमधून हसत होते. पुढच्या खिडकीतील आजीबाई काचेवर हात आपटून नातवाला काही सांगू पाहत होत्या; त्याला एक अक्षरही कळत नव्हते. त्या दोन तरुणांना आपण 'मूकबधिर' म्हणतो. त्यांतील 'बधिर' खरे. 'मूक' हे आपल्याला न समजल्यामुळे आपण जोडलेले आहे.

हातवारे आणि भाषा यांतील भेद काय? विल्यम स्टोकी या अमेरिकन अभ्यासकाने १९६०मध्ये दाखवून दिले, की खूण ही एकसंध चित्रासारखी नसते. हाताचा आकार, त्याचे शरीरापाशी असलेले स्थान आणि त्याची हालचाल या घटकांतून ती बनते. 'काल' आणि 'गाल' यांत एका स्वनिमाने अर्थ बदलतो, तसा तेथे एका घटकाच्या बदलाने बदलतो. आपल्याकडे १९७०च्या दशकाच्या अखेरीस स्वतः बधिर असलेले मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि त्यांचे सहकारी यांनी दिल्ली, कलकत्ता, मुंबई व बंगळूर येथील खुणांची तुलना केली. शहराशहरांत शब्दसंग्रहाचा फरक आढळला, तरी समान भाग मोठा होता. म्हणजेच ही मराठीची किंवा हिंदीची हातांनी केलेली नक्कल नाही. तिला स्वतःचे व्याकरण आहे. प्रश्नार्थक शब्द वाक्याच्या अखेरीस येतो. 'होय की नाही' अशा प्रश्नात भुवया उंचावतात. चेहरा येथे व्याकरणाचे काम करतो, भावना तर दाखवतोच.

आता प्रभुत्वाकडे वळू. भाषा उत्तम येणाऱ्याला आपण 'अस्खलित' म्हणतो, त्याच्या शैलीला 'ओघवती' म्हणतो. पहिले विशेषण न अडखळणाऱ्या पावलाचे, दुसरे वाहत्या पाण्याचे. जीभ आणि कान यांचा दोहोंतही पत्ता नाही!

तरीही प्रभुत्वाची कसोटी दीर्घकाळ जिभेलाच लावली गेली. १८८०मध्ये मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने बधिर मुलांना खुणांऐवजी उच्चारातून शिकवावे असा ठराव केला. भारतातील बधिरांची पहिली शाळा त्याच दशकात मुंबईत निघाली, आणि पुढे आपल्याकडील बहुतेक शाळांनीही ओठ वाचण्यावर व उच्चारावर भर दिला. ओठ वाचणे किती अवघड असते, याची प्रचिती घरीच घ्यावी. आरशासमोर उभे राहून आवाज न करता 'पाट', 'भाट', 'माट' म्हणावे. तिन्ही शब्दांत ओठ सारखेच मिटतात. 'क' आणि 'ग' तर ओठांवर उमटतच नाहीत.

याहून गंभीर प्रश्न वयाचा आहे. बहुतेक बधिर मुले ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. घरात मराठी भरपूर, पण ती मुलापर्यंत पोहोचत नाही. सांकेतिक भाषा घरात कोणालाच येत नाही. श्रवणयंत्राचा काहींना चांगला उपयोग होतो, सर्वांना सारखा होत नाही. पहिली पाच-सहा वर्षे अशी भाषेवाचून गेली, तर पुढे कोणतीही भाषा सहजपणे आत्मसात करणे कठीण होऊन बसते. याउलट, बधिर आईवडिलांची बधिर मुले तान्हेपणीच हातांनी बडबड करू लागतात आणि भाषिक वाढीचे टप्पे ऐकणाऱ्या मुलांप्रमाणेच गाठतात. खुणा शिकवल्या तर मूल बोलायचेच नाही, ही पालकांची भीती मला समजते. परंतु तिच्यापायी वाया जाणारी वर्षे परत मिळत नाहीत.

परिस्थिती हळूहळू पालटते आहे. २०१५मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले, २०१८मध्ये त्याचा ३००० शब्दांचा कोश आला, २०२१मध्ये तो १०,००० शब्दांपर्यंत वाढला. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत मात्र या भाषेचा समावेश नाही.

शेवटी माझ्या हातून घडलेली एक चूक. अनेक वर्षांपूर्वी तपासलेल्या एका उत्तरपत्रिकेत 'आई मुलगा पुस्तक दिले' अशा धाटणीची वाक्ये पानोपानी होती. मी 'भाषा अत्यंत कच्ची' असा शेरा मारला. विद्यार्थिनी बधिर असल्याचे नंतर कळले. पुढे सांकेतिक भाषेचे प्राथमिक धडे घेताना 'देणे' ही खूण शिकलो. देणाऱ्याच्या जागेपासून घेणाऱ्याच्या जागेपर्यंत हात सरकतो. कोणी दिले, कोणाला दिले, हे त्या दिशेतच येते. 'ने' आणि 'ला' यांचे काम हवेतल्या दोन जागा करतात. त्या मुलीला कर्ता आणि संप्रदान यांतील भेद ठाऊक असणार. तो दाखवण्याची मराठीची रीत तिच्यापर्यंत पुरेशी पोहोचली नव्हती. मराठीच्या प्रश्नपत्रिकेत ती चूक चूकच, आणि तिचे गुण मी आजही कापीन. शेरा मात्र 'मराठीतील विभक्तिप्रत्ययांचा सराव हवा' एवढाच लिहीन.