मापाचेही मोजमाप

२२ ऑगस्ट १९६३ रोजी जो वॉकर हे वैमानिक एक्स-१५ या रॉकेट-विमानातून ३ लाख ५४ हजार २०० फुटांवर, म्हणजे सुमारे १०८ किलोमीटर उंचीवर पोहोचले. तेथे हवेच्या दाबावर चालणारे उंचीमापक निरुपयोगीच. या विमानांचा माग कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स आणि नेवाडातील बीटी व ईली येथील रडार-केंद्रे घेत असत.

असे विक्रम विरळाच. परंतु साध्या जेट विमानालाही रडारची साक्ष लागते. विमानाच्या अंगावरील बारीक छिद्रातून बाहेरचा दाब घेऊन उंची ठरविली जाते. मात्र ध्वनिवेगाच्या आसपास विमानाभोवतीचा प्रवाह बदलतो आणि हे यंत्र शेकडो फुटांनी फसू शकते. चाचणीत ती चूक रडारने पकडायची. २९ हजार फुटांच्या वर एकमेकांवरून जाणाऱ्या प्रवासी विमानांत आज बहुतेक ठिकाणी केवळ हजार फुटांचे अंतर असते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही चूक किरकोळ राहत नाही.

पण रडारचेच माप चुकले तर? १९५०च्या दशकात खास चाचणीक्षेत्रांसाठी घडविलेल्या एफपीएस-१६ रडारची कोनातील चूक शंभर किलोमीटरवर सुमारे दहा मीटर भरावी, अशी अपेक्षा होती. ही झाली कागदावरची गोष्ट. प्रत्यक्षात बैठक किंचित कलते. एका बाजूने ऊन लागले तरी आधार वाकतो. विमानावरील प्रतिसादक यंत्राने उत्तर देण्यास धरलेल्यापेक्षा एक मायक्रोसेकंद अधिक घेतला, तर अंतर दीडशे मीटरांनी चुकते. क्षितिजालगतच्या विमानाकडून येणारी लहर वातावरणात वाकते आणि विमान आहे त्याहून उंच भासते.

यावरचे उपाय दिमाखदार नाहीत. बैठक पुनःपुन्हा समतल करायची; अंतर नेमके मोजलेल्या मनोऱ्यावर रोख धरून तपासायचे; अँटेनावर दुर्बीण बसवून ताऱ्यांकडे पाहायचे, कारण ताऱ्यांच्या जागा खगोलशास्त्रज्ञांनी आधीच निश्चित केलेल्या असतात. उड्डाणाच्या वेळी फुगे सोडून हवेचे तापमान व आर्द्रता टिपायची, म्हणजे लहरीच्या वाकण्याचा हिशेब मांडता येतो. नवे यंत्र विकत घेणे त्या मानाने सोपे. या कंटाळवाण्या कामासाठी माणसे व वेळ राखून ठेवणे अवघड.

पुढे उपग्रहाधारित जीपीएस आले आणि विमानातील त्याच्या नोंदी रडारच्या नोंदींशी ताडून पाहणे शक्य झाले. दोहोंत सतत एकाच दिशेचा फरक दिसला, की तंत्रज्ञ पुन्हा बैठकीची पातळी तपासू लागतात.