दोन बोटांचा धनी

गिटार वाजविणाऱ्याच्या डाव्या हाताला उसंत म्हणून नसते. अंगठा दांडीच्या पाठीमागे आधाराला राहतो आणि उरलेली चार बोटे सहा तारांवर, पडद्यापडद्यांतून सारखी धावत असतात. एकाच वेळी तीन-चार तारा दाबून जो स्वरमेळ काढावयाचा, ज्याला पाश्चात्त्य संगीतात 'कॉर्ड' म्हणतात, तो तर चारही बोटे शाबूत असतील तरच सुखाने निघतो. अशा या वाद्यावर मुख्यतः दोनच बोटांच्या बळावर हुकमत गाजविणारा एक कलावंत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये होऊन गेला. युरोपातील जॅझ संगीताचा इतिहास त्याच्या नावावाचून लिहिताच येत नाही. त्याचे नाव जँगो राइनहार्ट.

चाकांवरचे घर

२३ जानेवारी १९१० रोजी बेल्जियममधील लिबेर्शी या खेड्याच्या वेशीबाहेर उभ्या असलेल्या एका गाडीत जँगोचा जन्म झाला. ती गाडी हेच त्याच्या आईबापांचे घर. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसे या लोकांचे बिऱ्हाड चाकांवर. जग त्यांना जिप्सी म्हणून ओळखते. त्यांच्यातील ज्या शाखेत जँगो जन्मला, ती स्वतःला 'मानूश' म्हणवते. मानूश म्हणजे माणूस! हे साम्य योगायोगाचे नाही. या लोकांची रोमानी भाषा मूळची आपल्याच भाषाकुळातील आहे, हे अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन विद्वानांनी दाखवून दिले. सुमारे हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज वायव्य भारतातून पश्चिमेकडे निघाले. इराण, आर्मेनिया, ग्रीस असे मुक्काम करीत ते युरोपभर पसरले. वाटेत देव बदलले, पोशाख बदलले; पण पाण्याला ते अजून 'पानी' म्हणतात आणि नाक-कान मोजताना आपल्याला परके वाटू नयेत असेच शब्द वापरतात. मुलाचे कागदोपत्री नाव झाँ असे होते. 'जँगो' हे घरचे, लाडाचे नाव. रोमानीत त्याचा अर्थ 'मी जागा होतो' असा सांगतात. आपल्या 'जाग' शब्दाचे हे दूरचे नातलग.

वडील वादक होते, आई नाचत असे. पहिल्या महायुद्धानंतर हे कुटुंब पॅरिसच्या तटाबाहेरील मोकळ्या पट्ट्यात येऊन स्थिरावले. शहराने टाकून दिलेल्या माणसांची आणि वस्तूंची ती जागा होती. तेथे जँगो शाळेविना वाढला. लिहिणे-वाचणे त्याला जवळजवळ येतच नव्हते; पुढे मोठेपणी एका मित्राने सही करण्यापुरती अक्षरे त्याच्याकडून गिरवून घेतली. स्वरलिपी तर त्याला कधीच आली नाही. पण बाराव्या वर्षी एका शेजाऱ्याने दिलेला गिटार-बँजो त्याच्या हाती पडला आणि मोठ्यांची बोटे न्याहाळीत तो स्वतःच शिकत गेला. वर्षा-दोन वर्षांत हा पोर पॅरिसच्या नाचघरांत अकॉर्डियनवादकांच्या साथीला बसू लागला. १९२८ मध्ये त्याच्या वादनाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. तबकडीवर त्याचे नावही नीट छापलेले नव्हते. ज्याचे नाव होते त्याला ते वाचता येत नव्हते.

फुलांची आग

त्याच वर्षी जॅक हिल्टन या प्रख्यात इंग्रज वाद्यवृंदप्रमुखाने त्याला आपल्याकडे बोलाविले. वय वर्षे अठरा, नवे लग्न, लंडनचे निमंत्रण! आणि नेमक्या त्याच शरद ऋतूत घात झाला.

जँगोची पत्नी फ्लोरीन कागदाची आणि सेल्युलॉइडची कृत्रिम फुले करून विकत असे. त्या रात्री त्यांची गाडी फुलांनी भरलेली होती. कार्यक्रम आटोपून जँगो उशिरा परतला. हातातली मेणबत्ती त्या फुलांत पडली आणि पाहता पाहता सेल्युलॉइडने पेट घेतला. घोंगडीत अंग गुंडाळून, पत्नीला ओढीत तो कसाबसा बाहेर पडला. दोघांचेही प्राण वाचले. पण जँगोचा उजवा पाय आणि घोंगडी धरून ठेवणारा डावा हात भयंकर भाजला.

पाय कापावा लागेल असे डॉक्टरांनी सांगितले. त्याने ठाम नकार दिला आणि घरच्यांनी त्याची बाजू उचलून धरली. शस्त्रक्रियेने पाय कसाबसा बचावला. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी मात्र आखडून तळव्याकडे वळली ती कायमची. हा मुलगा पुन्हा गिटार वाजविणार नाही, असे सर्वांनीच धरून चालले. त्याचा भाऊ जोसेफ मात्र इस्पितळात एक नवी गिटार घेऊन आला. हा मुका धीर होता.

अठरा महिने

यानंतरचे सुमारे अठरा महिने जँगो अंथरुणाला खिळून होता. त्याच्या चरित्रातला हा सर्वांत महत्त्वाचा काळ. पण त्याबद्दल सांगण्यासारखी घटना एकही नाही. एक तरुण बिछान्यावर बसून दिवसच्या दिवस तारा छेडीत होता, एवढेच.

त्या खोलीत काय घडले असेल, हे सतारीची ओळख असलेल्या आपल्या वाचकांना चटकन उमजेल. सतारियाच्या डाव्या हाताची मुख्य कामगिरी तर्जनी आणि मध्यमा हीच दोन बोटे पार पाडतात. ते शक्य होते, कारण सतारीची सुरावट प्रामुख्याने एका तारेवरून, दांडीच्या लांबीने खालीवर धावते. गिटारची पारंपरिक पद्धत याहून निराळी. तेथे हात शक्यतो एका जागी ठेवून चार बोटांनी शेजारच्या तारा गाठावयाच्या असतात. चार बोटांसाठी आखलेली ती वाट जँगोला बंद झाली होती. तेव्हा त्याने हात एका जागी ठेवणेच सोडले. दोन बोटे तारेच्या लांबीने धावू लागली. एका तारेवरून दुसरीवर तिरपी उतरू लागली. जेथे दुसरा वादक बोट बदलील, तेथे जँगो सगळा हात सरकवू लागला. आखडलेल्या दोन बोटांनाही त्याने रजा दिली नाही. स्वरमेळ काढताना वरच्या दोन तारांवर ती जेवढी टेकतील तेवढी टेकवून त्यांच्याकडून काम घेतले. जे स्वरमेळ पूर्ण निघत ना, त्यांतले दोन-तीन नेमके स्वर निवडून त्याने त्यांना नवाच रंग आणला.

आगीने त्याला मोठे केले, असे काही जण लिहितात. ते खरे मानू नये. आगीने त्याच्यापासून पुष्कळ हिरावून घेतले. लंडनची संधी गेली आणि पहिला संसारही पुढे मोडला. शिवाय अठराव्या वर्षीच नाव मिळविणारा तो वादक आग लागली नसती तरी पुढे आलाच असता. आगीने त्याला दिली ती फक्त एक अडचण. तिचे उत्तर त्याने स्वतः शोधले, आणि त्या उत्तरातून जे वादन उपजले ते जगात कोणी ऐकलेले नव्हते. १९३८-३९ च्या सुमारास काढलेल्या एका लहानशा चित्रपटात त्याचा हात जवळून दिसतो. दोन बोटे पाखरासारखी दांडीवरून उडत असतात आणि बाजूला दोन बोटे निश्चल वाकलेली. कान जे ऐकतो, त्यावर डोळ्यांचा विश्वास बसत नाही.

तालवाद्यावाचून ताल

बरा होऊन जँगो पुन्हा भटकू लागला. १९३१ मध्ये दक्षिण फ्रान्समधील तुलाँ या बंदरात एमील साव्हित्री नावाच्या चित्रकाराने त्याला अमेरिकन जॅझच्या तबकड्या ऐकविल्या. त्यांत लुई आर्मस्ट्राँगचे ट्रंपेट होते, ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद होता. आयत्या वेळी स्वर रचीत जाणारे हे काळ्या माणसांचे संगीत ऐकून तो हेलावून गेला. स्वरलिपीची त्याला गरज नव्हती आणि या संगीतालाही तिची फारशी पर्वा नव्हती.

१९३४ मध्ये पॅरिसच्या एका आलिशान हॉटेलात चहाच्या वेळी वाजविणाऱ्या ताफ्यात तो होता. त्याच ताफ्यात स्तेफान ग्रापेली हा व्हायोलिनवादकही होता. मधल्या सुटीत दोघे पडद्यामागे सहज वाजवू लागले. त्यात इतर सामील झाले आणि त्यातूनच 'हॉट क्लब ऑफ फ्रान्स'चे प्रसिद्ध पंचक जन्माला आले. एक व्हायोलिन, तीन गिटारी आणि एक डबल बास, अशी सगळी तंतुवाद्येच. जॅझ म्हटला की ढोल आणि पितळी वाद्ये, ही समजूत या पंचकाने मोडली. ढोलाचे काम दोन गिटारी करीत. तबलजीने ठेका धरावा तशा त्या एका लयीत ठाम चालत आणि त्या ठेक्यावर जँगो आणि ग्रापेली मुक्त विहार करीत. त्या ठेका धरणाऱ्यांपैकी एक होता जोसेफ, इस्पितळात गिटार घेऊन आलेला तो भाऊ. स्वतः चांगला वादक असूनही वर्षानुवर्षे त्याने भावाच्या मागे बसून लय सांभाळली.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात पंचकाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि १९३७ मध्ये 'मायनर स्विंग' ही रचना. तिचे नाव आजही गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असते. एरवी दोघा मित्रांचे स्वभाव अगदी विरुद्ध. ग्रापेली वेळेचा पक्का. जँगोला वेळेचे सोयरसुतकच नव्हते. जुगारात एका रात्रीत तो कमाई उडवी, कार्यक्रमाच्या दिवशी नाहीसा होई. पण वाद्य हाती घेतले की सारे अपराध माफ!

ढगांचे दिवस

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा पंचक लंडनमध्ये होते. ग्रापेली तेथेच राहिला; जँगो फ्रान्सला परतला. जर्मनांच्या ताब्यातील पॅरिसमध्ये त्याने क्लॅरिनेट आणि ढोल घेऊन नवे पंचक उभे केले आणि १९४० मध्ये 'न्युआज' म्हणजे 'ढग' ही रचना ध्वनिमुद्रित केली. शब्दांवाचूनच्या त्या संथ, उदास सुरावटीत पॅरिसकरांना आपले मन सापडले.

पण हा त्याच्या जातीच्या लोकांचा काळरात्रीचा काळ होता. ज्यूंप्रमाणेच जिप्सींनाही नाझींनी निर्वंश करावयास घेतले होते. मारल्या गेलेल्यांचे अंदाज दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातात. खुद्द फ्रान्समध्ये एप्रिल १९४० च्या हुकुमाने भटक्यांच्या फिरण्यावर बंदी आली. पुढे हजारो माणसे छावण्यांत कोंडली गेली. त्यांतली शेवटची तर युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये सुटली. जँगो पॅरिसच्या झगमगाटात वाजवीत होता, कारण त्याची कीर्ती हेच त्याचे चिलखत होते. ते किती पातळ आहे हे तो ओळखून असावा. १९४३ मध्ये त्याने स्वित्झर्लंडला निसटण्याचा प्रयत्न केला. तो फसला आणि त्याला पॅरिसला परतावे लागले. पुढच्याच वर्षी त्याची दुसरी पत्नी नागीन हिच्या पोटी मुलगा बाबिक जन्मला; तोही पुढे गिटारवादक झाला.

१९४६ च्या आरंभी लंडनमध्ये दोघे मित्र पुन्हा भेटले. त्याच वर्षी ड्यूक एलिंग्टनने जँगोला अमेरिकेला बोलाविले. नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पहिल्या रात्री त्याचे मोठे कौतुक झाले. दुसऱ्या रात्री एका मुष्टियोद्धा मित्राची गाठ पडली, गप्पांत वेळेचे भान राहिले नाही आणि स्वारी कार्यक्रम संपत आला तेव्हा उगवली! अमेरिकेने मनासारखे स्वागत केले नाही, ही खंत घेऊन तो १९४७ च्या आरंभी परतला.

साम्वा

१९५१ मध्ये तो सेन नदीकाठच्या साम्वा या गावी राहावयास गेला. मासे धरावेत, चित्रे काढावीत, मनात आले तर पॅरिसला जाऊन वाजवावे, असा त्याचा क्रम होता. वाद्य मात्र थकले नव्हते. विजेची गिटार त्याने आपलीशी केली होती, आणि एप्रिल १९५३ मधील अखेरच्या ध्वनिमुद्रणात त्याच्या सोबतीला मार्सियाल सोलाल हा तरुण पियानोवादक होता. पुढच्याच महिन्यात, १६ मे रोजी, पॅरिसहून परतल्यावर तो घराजवळ कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. शनिवार असल्याने डॉक्टर मिळण्यास वेळ लागला आणि त्याच दिवशी तो गेला. वय अवघे त्रेचाळीस.

त्याची एक गिटार आता पॅरिसच्या संगीत-संग्रहालयात आहे. पण त्याची खरी ठेव दुसरीकडेच गेली. १९६५ मध्ये इंग्लंडातील टोनी आयोमी नावाच्या मुलाच्या दोन बोटांची टोके कारखान्यातील यंत्रात तुटली. गिटार कायमची सुटली म्हणून तो हताश झाला होता. तेव्हा त्याच्या मुकादमाने त्याला जँगोची तबकडी ऐकविली आणि नंतर वादकाच्या हाताची हकिकत सांगितली. बोटांना टोपणे घालून तो मुलगा पुन्हा वाजवू लागला आणि 'ब्लॅक सॅबथ' या वाद्यवृंदाचा वादक म्हणून जगभर गाजला. त्याचे संगीत जँगोच्या संगीताहून सर्वस्वी वेगळे.

जँगोच्या आपल्या माणसांत मात्र त्याचे संगीत जसेच्या तसे जिवंत आहे. मानूश कुटुंबांत आजही काका-मामा पोरांना गिटार शिकवितात. पुस्तकातून नव्हे, समोर बसवून आणि बोटे दाखवून. त्या पोरांची चारही बोटे धडधाकट असतात. तरीही जँगोच्या कित्येक ताना ती पोरे तर्जनी आणि मध्यमा या दोनच बोटांनी घोटून घेतात. कारण त्या ताना तशाच घडल्या आहेत आणि चार बोटांनी त्या तशा वाजत नाहीत.