एका संगणकांत दोन कार्यप्रणाली

सांप्रत पुष्कळ बागाईतदारांच्या घरीं संगणक आला आहे. सातबारा पाहणें, बँकेचा व्यवहार, मजुरीचा हिशेब हीं कामें त्यावर होतात. परंतु यांपैकीं अनेक यंत्रें 'विंडोज १०' या कार्यप्रणालीवर, म्हणजे बाजारांत जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात तिच्यावर चालतात. आणि तिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्यांचा सर्वसाधारण मोफत पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. 'विंडोज ११' पुष्कळ जुन्या यंत्रांवर बसत नाहीं. मग धडधाकट यंत्र मोडीत काढावें काय? आमचें मत असें कीं, मुळींच काढूं नये.

लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं फिनलंडांत रचला. त्यावर उभारलेल्या 'उबंटू', 'मिंट' इत्यादि प्रणाली विनामूल्य मिळतात. नवशिक्यास मिंट सोईची. तिला किमान २ जीबी रॅम व २० जीबी जागा लागते. ४ जीबी रॅम व १०० जीबी जागा असल्यास उत्तम. परंतु टॅलीसारखे कांहीं कार्यक्रम विंडोजसाठींच केलेले असल्यानें जुनी प्रणाली उपटून टाकणेंही शहाणपणाचें नव्हे. पूर्वहंगामी उसांत आपण हरभरा घेतों, तद्वत् एकाच यंत्रांत दोन्ही नांदवाव्या. इंटरनेटचीं व बँकेचीं कामें लिनक्सवर करावीं, टॅली विंडोजवर ठेवावी.

पूर्वतयारी हाच या कामाचा कणा होय. प्रथम सर्व हिशेब, फोटो व कागदपत्रें बाहेरील हार्ड डिस्कवर उतरून घ्यावीं आणि तीं उघडतात कीं नाहीं हें पाहावें. विंडोजमध्यें 'बिटलॉकर' नामक कुलूप चालू असल्यास त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून घ्यावी व मग तें बंद करावें. 'फास्ट स्टार्टअप' ही सोयही बंद करावी. तिच्या योगें विंडोज पुरती न मिटतां अर्धवट निजलेली राहते.

नंतर मिंटची फाईल तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून 'रूफस' या साधनानें ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर चढवावी. पेनड्राइव्हवरील पूर्वीचा मजकूर यांत पुसला जातो. यंत्र सुरू होतांना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप यांपैकीं आपल्या यंत्राची कळ दाबून पेनड्राइव्ह निवडावा. आतां मिंट डिस्कला हात न लावतां चालूं लागते. वायफाय, प्रिंटर, आवाज सर्व तपासून मगच बसविण्यास आरंभ करावा.

पुढें जागेचा प्रश्न येतो. खरा धोका येथेंच आहे. 'विंडोजच्या शेजारीं बसवा' अशा अर्थाचा पर्याय निवडावा, आणि मधला बांध सरकवून दोघींस जागा वांटून द्यावी. 'डिस्क पुसून बसवा' हा पर्याय चुकूनही घेऊं नये. त्यानें विंडोजसह वर्षांचा हिशेब एका क्षणांत नाहींसा होतो. शेजारचा पर्याय दिसलाच नाहीं, तर कांहींएक न करितां बाहेर पडावें व जाणत्यास विचारावें. वाटणी चालूं असतां वीज जाऊं नये, म्हणून लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असावी.

काम संपल्यावर यंत्र सुरू होतांना दोन्ही प्रणालींची यादी दिसते. हवी ती निवडावी. लिनक्समधून विंडोजच्या फाईली उघडतात, परंतु विंडोजला लिनक्सची जागा सहसा वाचतां येत नाहीं. म्हणून सामाईक कागद विंडोजच्या भागांत ठेवावे. विंडोजमध्यें परततांच घड्याळ साडेपांच तास मागें दिसल्यास घाबरूं नये. लिनक्स यंत्राच्या घड्याळांत जागतिक वेळ लिहिते आणि विंडोज तीच स्थानिक समजते, एवढेंच त्याचें कारण. लिनक्सलाही स्थानिक वेळ धरावयास लावलें कीं तें नीट चालतें.

बांध घालण्यापूर्वीं आपण मोजणी करून घेतों. तितकीच दक्षता येथें बाळगली, तर एका सायंकाळच्या श्रमानें जुनें यंत्र आणखी कांहीं वर्षें उपयोगीं पडेल.